कोचला फॉलो करू द्यायचं का, आणि आईला?

पत्र असं आहे, थोडं लहान करून देतेय:

"ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी १९ वर्षांची, कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या स्विमिंग टीममध्ये आहे, दुसरं वर्ष, अर्धी स्कॉलरशिप. यंदा नवीन हेड कोच आले आणि पहिल्याच टीम मीटिंगमध्ये सगळ्यांच्या हातात एक दोन पानी फॉर्म दिला. सगळ्या सोशल मीडिया अकाउंटची नावं लिहा, अकाउंट प्रायव्हेट असेल तर असिस्टंट कोचची फॉलो रिक्वेस्ट अॅक्सेप्ट करा आणि कॉलेजने ठरवलेल्या एका कंपनीच्या अॅपला अकाउंटची परवानगी द्या. शुक्रवारपर्यंत सही करून द्यायचाय. मुलगी म्हणते मी सही करणार नाही. तिचे बाबा म्हणतात, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला, उगाच स्कॉलरशिप घालवशील. मला खरं सांगू का, फॉर्मचं ऐकून जरा बरंच वाटलं, एवढ्या लांब आहे, कोणीतरी लक्ष ठेवतंय. आणि एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. गेलं वर्षभर मी एका खोट्या नावाच्या अकाउंटवरून तिला फॉलो करतेय. त्यातूनच कळलं की तिचा खांदा दुखतोय आणि ती काउन्सेलरकडे जाते. मला तिने यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिला काय सल्ला देऊ, आणि कोणत्या तोंडाने देऊ?"

ताई म्हणालीस म्हणून तुला सरळ तूच म्हणते.

आधी शुक्रवारचं बघू, कारण तारीख डोक्यावर आलीये. खोट्या अकाउंटचं नंतर बोलू, पण ते सोडणार नाहीये मी.

तुझी मुलगी कॅलिफोर्नियात शिकतेय हे या बाबतीत तिच्या पथ्यावर पडलंय. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी एसबी १३४९ नावाच्या कायद्यावर सही केली आणि तो त्या राज्याच्या एज्युकेशन कोडमध्ये गेला, कलम ९९१२० पासून पुढे. त्यात कॉलेजांना, सरकारी असो की खाजगी, साफ सांगितलंय की विद्यार्थ्याकडून त्याच्या पर्सनल सोशल मीडियाचं यूजरनेम किंवा पासवर्ड मागायचा नाही, आमच्या माणसासमोर बसून अकाउंट उघडून दाखव असं म्हणायचं नाही, आणि पर्सनल सोशल मीडियातली माहिती दे असंही म्हणायचं नाही. आता यातला एक शब्द नीट बघ. नुसती सक्ती करायची नाही असं नाहीये, मागायचंसुद्धा नाही असं आहे. म्हणजे उद्या कोच म्हणाले की अहो हा फॉर्म ऐच्छिक आहे, ज्याला द्यायचं त्याने द्या, तरी प्रश्न उरतोच. आणि नाही म्हटलं म्हणून शिक्षा करायची नाही, सस्पेंड करायचं नाही, तशी धमकीही द्यायची नाही, हेही तिथेच लिहिलंय. तेव्हा बाबांना सांग की स्कॉलरशिप जाण्याची भीती समजू शकते, पण कायदा नेमका त्याच भीतीसाठी केलाय.

मी वकील नाही हे आधीच सांगते. फॉलो रिक्वेस्ट अॅक्सेप्ट करा ही अट त्या कलमांत शब्दशः लिहिलेली नाही, पण प्रायव्हेट अकाउंटमध्ये कोचला आत घ्यायला लावणं म्हणजे आतली माहिती द्यायला लावणंच झालं, असं माझं मत आहे आणि ते मी ठामपणे सांगते. डेलावेअरने त्याच वर्षी उन्हाळ्यात आपला कायदा केला, त्यात तर आमच्या माणसाला तुझ्या कॉन्टॅक्टमध्ये घे असं कॉलेजने म्हणायचं नाही हेही वेगळं लिहून टाकलं. मिशिगन आणि न्यू जर्सीनेही त्याच वर्षाच्या शेवटी कॉलेजांसाठी कायदे केले, नंतर ऑरेगन, युटा, अर्कान्सा अशी राज्यं आली. पण सगळ्या राज्यांत हे नाही, देशभर लागू होईल असा एक कायदा नाही, त्यामुळे हे वाचणाऱ्या बाकीच्या आयांनी मुलीचं कॉलेज ज्या राज्यात आहे तिथलं बघायचं, आपण राहतो तिथलं नाही. बऱ्याच जणांचा इथेच घोटाळा होतो.

आता कायदा काय अडवत नाही तेही ऐक. जे पब्लिक आहे ते कोच बघू शकतात, कॉलेज बघू शकतं, कंपनीला पैसे देऊन बघायला लावू शकतं. आणि खरंच काही गैरवर्तन झाल्याची तक्रार आली तर चौकशीचा कॉलेजचा हक्क याच कायद्याने शिल्लक ठेवलाय. आणि टीममधल्याच कोणी स्क्रीनशॉट काढून कोचला दाखवला तर त्याला हा कायदा हात लावत नाही. हे शेवटचं मुलीला नीट समजव, कारण मुलं इन्स्टाग्रामवरच्या क्लोज फ्रेंड्सच्या हिरव्या गोलावर फार विसंबतात, आपल्याला वाटतं बारा जणी आहेत आणि प्रत्यक्षात त्या यादीत पन्नास जण कधीचे बसलेले असतात.

पेनसिल्व्हेनियातली गोष्ट तुला ठाऊक असेल. एका सरकारी शाळेतल्या मुलीची चीअरलीडिंगच्या मुख्य टीममध्ये निवड झाली नाही, तिने वीकेंडला, शाळेबाहेर, रागाच्या भरात स्नॅपचॅटवर शिव्या घालणारी स्टोरी टाकली, चोवीस तासात जाणारी. कोणीतरी त्या स्टोरीचा फोटो काढला, तो कोचपर्यंत गेला, आणि तिला वर्षभरासाठी टीममधून काढलं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं आणि जून २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल तिच्या बाजूने लागला. शाळेबाहेरच्या बोलण्यावर शाळेचा हात पोचतो पण तेवढा लांब पोचत नाही, असं त्या निकालाचं सार. ती शाळा होती, तुझी मुलगी तर युनिव्हर्सिटीत आहे, सज्ञान आहे, आणि तिची युनिव्हर्सिटी सरकारी आहे म्हणजे अभिव्यक्तीचं घटनेतलं संरक्षण तिला तिथे लागू होतं. पण निकाल लागेपर्यंत चार वर्षं गेली हेही लक्षात ठेव. कायदा बाजूने असणं आणि त्या सीझनला पोहायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कोर्टाची भाषा बोलायच्या आधी साधी भाषा बोलून बघायची.

मी हे सगळं वाचून सांगत नाहीये. मी सात वर्षं एका युनिव्हर्सिटीच्या अॅथलेटिक्स कम्प्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाडू आणि कोच नियम पाळतात का ते बघणाऱ्या ऑफिसात, नोकरी केली, वेगळ्या राज्यात, नाव लिहीत नाही. आमच्याकडेही असंच एक अॅप घेतलेलं होतं आणि रोज सकाळी त्याचा अलर्टचा ईमेल माझ्याकडे यायचा. त्यात काय असायचं सांगू? शब्द. कंपनीने आणि आमच्या ऑफिसने मिळून एक यादी केली होती, दारूचे शब्द, ड्रग्जचे शब्द, शिव्या, काही एजंटांची नावं, आणि पोस्टमध्ये त्यातलं काही सापडलं की ती ओळ पिवळी किंवा लाल होऊन यायची. बास्केटबॉलच्या मुलींचे अलर्ट सगळ्यात जास्त का येतात हे मला पहिला महिनाभर कळेना. शॉट हा शब्द दारूच्या यादीत होता. मुली रोज लिहायच्या, आज दोनशे शॉट्स मारले, हात भरून आले. रोज सकाळी मी ते एक एक उघडून वाचायचे आणि बंद करायचे. पण वाचायचे ना? शॉट शोधता शोधता मी त्यांची भांडणं वाचायचे, कोणाचं ब्रेकअप झालंय, कोणाच्या वडिलांची नोकरी गेलीये, कोण कोणाबरोबर चर्चमध्ये जायला लागलंय. आणि दुपारी त्याच मुली ऑफिसात फॉर्म द्यायला आल्या की मला त्यांच्याकडे बघताना कसंतरीच व्हायचं. त्यांनी मला यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं आणि मला सगळं माहीत होतं.

तुला ओळखीचं वाटतंय का हे? येते मी तिकडे.

हे सगळं सुरू कुठून झालं तेही सांगते, म्हणजे तुझ्या मुलीला कोचच्या डोक्यात काय आहे ते कळेल. २०१० मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाच्या एका फुटबॉल खेळाडूच्या ट्वीट्सवरून लोकांना प्रश्न पडला की कॉलेजच्या मुलाकडे एवढा पैसा येतो कुठून, एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने, चौकशी लावली आणि मार्च २०१२ मध्ये निकाल दिला. एक वर्ष सीझननंतरचे मोठे सामने, बोल गेम म्हणतात ते, बंद, तीन वर्षांत मिळून १५ स्कॉलरशिप कापल्या. आरोपांत एक असाही होता की कॉलेजने खेळाडूच्या सोशल मीडियाकडे लक्ष दिलं नाही. झालं, देशभरच्या अॅथलेटिक डायरेक्टरांची झोप उडाली आणि यूडिलिजन्स, व्हार्सिटी मॉनिटर असल्या कंपन्यांना कामं मिळाली. पण त्याच निकालपत्रात एनसीएएच्या कमिटीने हेही लिहिलं होतं की सरसकट सगळ्यांच्या सोशल मीडियावर नजर ठेवायची जबाबदारी आम्ही कॉलेजांवर टाकत नाही, संशयाला जागा असेल तेव्हा बघा. हे वाक्य कोणी वाचलंच नाही बहुतेक. भीती विकणं सोपं असतं. आमच्या ऑफिसातही ते अॅप घेताना मीटिंगमध्ये नॉर्थ कॅरोलायनाचंच नाव घेतलं गेलं होतं आणि हे वाक्य कोणीच काढलं नव्हतं, मी पण नाही, कारण मलाही ते तेव्हा माहीत नव्हतं.

बाबांचा मुद्दा, लपवण्यासारखं काय आहे. मला हा प्रश्न ऐकला की राग येतो, तुझ्या नवऱ्याचा नाही, प्रश्नाचा. लपवणं आणि न सांगणं यात फरक आहे ना. तुझ्या मुलीचा खांदा दुखतोय. हे तिने मैत्रिणींना सांगितलंय, कदाचित ट्रेनरलाही सांगितलं असेल, कदाचित नसेल. आता असिस्टंट कोच तिला फॉलो करायला लागले आणि एका रात्री तिने लिहिलं की आज बटरफ्लायचा सेट करताना डोळ्यात पाणी आलं, तर दुसऱ्या दिवशी रिलेची नावं ठरवताना ते वाक्य कोचच्या डोक्यात असणार की नाही? वाईट हेतू असायचीही गरज नाही. काउन्सेलरचंही तेच. तिच्या काउन्सेलरला कायद्याने तोंड बंद ठेवावं लागतं आणि तीच गोष्ट कोचने स्टोरीत वाचली तर त्यांना कोण थांबवणार? जो माणूस तिला कुठल्या रेसमध्ये उतरवायचं ठरवतो, जो पुढच्या वर्षी स्कॉलरशिप द्यायची की नाही यावर मत देतो, त्याच्याच हातात तिच्या मैत्रिणींबरोबरच्या गप्पा द्यायच्या हे मला पटत नाही, तो माणूस कितीही चांगला असला तरी. चांगला असेल तर त्याला त्याची गरजही नाही.

आणि त्या अकाउंटमध्ये ती एकटी नसते. तिची रूममेट असते, चुलत बहीण असते, जिच्या फोटोखाली ती काहीतरी लिहिते. त्यांनी कुठे फॉर्मवर सही केलीये?

एक गोष्ट मात्र मी कोचच्या बाजूने सांगणारच, नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल. त्यांची काळजी सगळीच खोटी नसते. एप्रिल २०१८ मध्ये व्हिलानोव्हा युनिव्हर्सिटीच्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोने कॉलेज बास्केटबॉलच्या फायनलमध्ये ३१ पॉइंट केले, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र, आणि मॅच चालू असतानाच लोकांनी त्याची जुनी ट्वीट्स उकरून काढली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायलर मरेला कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली आणि त्याच रात्री त्याची चौदा पंधरा वर्षांचा असतानाची ट्वीट्स बाहेर आली, त्याला माफी मागावी लागली. हे बघून कुठल्याही कोचच्या पोटात गोळा येईल. पण बघ ना, यातलं सगळं पब्लिक होतं, वर्षानुवर्षं पडलेलं होतं, आणि ते काढायला कोणाचं प्रायव्हेट अकाउंट उघडावं लागलं नसतं. मुलांना बसवून एक दुपार शिकवलं असतं की आपली जुनी अकाउंट स्वतः चाळा, बारा वर्षांचे असताना काय लिहिलंय ते बघा आणि उडवा, तर निम्मं काम झालं असतं. तुझ्या मुलीने हे करावं असं मला वाटतं, फॉर्म असो वा नसो, येत्या रविवारी बसून.

शिवाय आता त्या अकाउंटला पैशाची किंमत आहे. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा मिळाली, एनआयएल म्हणतात ते, आणि त्याची सुरुवात कॅलिफोर्नियाच्याच २०१९ च्या कायद्याने झाली होती. पोहणाऱ्यांना फुटबॉलवाल्यांसारखे आकडे मिळत नाहीत, पण एखादी गॉगलची किंवा स्विमसूटची कंपनी शंभर दोनशे डॉलर देते, तो तिचा छोटा धंदा आहे. असं अकाउंट तिसऱ्याच कंपनीच्या अॅपला जोडायच्या आधी ते अॅप काय काय वाचू शकतं, मेसेज वाचू शकतं का, तिच्या वतीने काही उडवू शकतं का, डेटा किती वर्षं ठेवतं, शिक्षण संपल्यावर काय होतं, हे विचारायलाच पाहिजे. कागदावर सही एक मिनिटात होते आणि परवानगी काढून घ्यायला मुलं विसरतात. आमच्याकडे कॉलेज सोडून दोन वर्षं झालेल्या एका मुलाचे अलर्ट मला येत होते. तो नोकरीला लागला होता, त्याचं लग्न ठरलं होतं, आणि मी त्याच्या लग्नाच्या पार्टीचे अलर्ट वाचत होते. मी ते बंद करायला तीन वेळा कंपनीला लिहिलं.

तर शुक्रवारचं काय करायचं. पहिलं म्हणजे तू फोन करायचा नाही. कम्प्लायन्सला नाही, कोचला तर अजिबात नाही. एक तर ते तुझ्याशी बोलणार नाहीत, कॉलेजात गेलेल्या मुलांच्या रेकॉर्डचे हक्क फर्पा कायद्याने मुलांकडेच जातात, आणि दुसरं म्हणजे आईचा फोन आला की ती मुलगी टीममध्ये आईची मुलगी होऊन बसते. हे तिनेच करायचं. तिने फॉर्मची कॉपी मागायची, दोन्ही पानांचा फोटो काढून ठेवायचा, आणि सही न करता गुरुवारच्या आत कम्प्लायन्स ऑफिसला ईमेल करायचा, कोचला कॉपीत ठेवून. भांडणाचा सूर नको. साधं लिहायचं, की टीमचे नियम पाळायला मी तयार आहे, सोशल मीडियाचं ट्रेनिंग असेल तर मी येईन, पण माझ्या पर्सनल अकाउंटची माहिती आणि प्रवेश मागणारा हा फॉर्म एज्युकेशन कोडच्या ९९१२१ कलमाशी कसा जुळतो ते मला समजून घ्यायचंय, त्याचं उत्तर येईपर्यंत मी सही थांबवते आहे. बस. कलमाचा आकडा ईमेलमध्ये असला की तो ईमेल कोचच्या टेबलावर राहत नाही, युनिव्हर्सिटीच्या वकिलाकडे जातो, आणि माझ्या अनुभवात असे फॉर्म बहुतेक वेळा कोणीतरी दुसऱ्या कॉलेजातून कॉपी करून आणलेले असतात, वकिलाने ते पाहिलेलेच नसतात.

एकटीने करू नकोस म्हणावं. टीममध्ये अजून तिघी चौघींना हेच वाटत असणार, चौघींनी मिळून पाठवला तर एकीवर डोळा राहत नाही. एनसीएएच्या प्रत्येक कॉलेजात स्टुडंट अॅथलीट्सची सल्लागार कमिटी असते, सॅक म्हणतात, आणि एक फॅकल्टी अॅथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह असतात, म्हणजे प्राध्यापक, कोचच्या हाताखालचे नाहीत. त्यांच्याकडे जायला मुलं घाबरतात, कारण त्यांना ते माहीतच नसतात. शोधून नाव काढायला सांग, कॉलेजच्या साइटवर असतं.

स्कॉलरशिपचं म्हणशील तर तिचं फायनान्शियल एडचं अॅग्रीमेंट काढून वाचा, तिघं मिळून वाचा. त्यात वर्तनाच्या काही अटी घातलेल्या असू शकतात, त्या बघा. पण वर्षाच्या मध्येच कोचला वाटलं म्हणून एड काढता येत नाही, काढायची किंवा कमी करायची झाली तर तिला लेखी कळवावं लागतं आणि अॅथलेटिक्स डिपार्टमेंटच्या बाहेरच्या लोकांसमोर म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मी अशा दोन सुनावण्यांत कागद घेऊन बसलेय. ज्या मुलाकडे ईमेल जपून ठेवलेले होते त्याचं म्हणणं ऐकलं गेलं. दुसरीने सगळं तोंडी केलं होतं, तिला फार जड गेलं.

खरी भीती वेगळी आहे आणि ती कुठल्याच कागदात येत नाही, ती मी लपवत नाही. कोच नाराज होतील, कदाचित रिलेत घेणार नाहीत, कारण सांगतील की टाइम कमी पडतोय. हे होऊ शकतं. स्विमिंगमध्ये एक बरं आहे की घड्याळ सगळ्यांना दिसतं. पण तरी हा धोका घ्यायचा की नाही हे तिने ठरवायचं, तू नाही, बाबांनी नाही, मी तर नाहीच. तिने विचार करून सही करते म्हटलं तरी तिला घाबरट म्हणायचं नाही. फक्त सही करायचीच झाली तर निदान अॅपच्या कलमावर काट मारून, तारीख घालून करावी.

आता खोट्या अकाउंटकडे येते.

तुला फॉर्मचं ऐकून बरं वाटलं ते का, मला कळतं. मी त्या ईमेलच्या नोकरीत असताना मलाही पहिले काही महिने बरंच वाटायचं, वाटायचं मी या मुलांची काळजी घेतेय. एका मुलीचं सांगते. तिने रात्री काहीतरी लिहिलं होतं, थेट नाही, पण वाचून काळजात धस्स व्हावं असं. तो अलर्ट माझ्याकडे तिसऱ्या दिवशी सकाळी आला, कारण मध्ये वीकेंड होता आणि तिच्या वाक्यात यादीतला एकच शब्द होता, तोही पिवळा. मी धावत ट्रेनरकडे गेले. ट्रेनर म्हणाली, ते झालं, तिची रूममेट त्याच रात्री दीड वाजता माझ्याकडे आली होती, आम्ही दोघी तिच्याजवळ सकाळपर्यंत बसलो होतो. मी तिथे उभी होते हातात प्रिंटआउट घेऊन. ती मुलगी बरी आहे आज, कोचिंग करते. पण त्या दिवसानंतर मला त्या ईमेलला काळजी म्हणता आलं नाही कधी.

तू वर्षभर वाचतेयस. तुला माहीत आहे खांदा दुखतोय. विचारलंस का, खांदा कसा आहे म्हणून? विचारू शकली नाहीस, कारण विचारलं असतंस तर कुठून कळलं ते सांगावं लागलं असतं. म्हणजे वर्षभर तुला कळतंय आणि ती दुखणं घेऊन एकटी आहे. ती काउन्सेलरकडे जाते हे ऐकून तुला वाईट वाटलं असेल की माझ्याकडे का नाही आली. पण ती गेली ना कोणाकडे तरी, स्वतःच्या पायाने गेली, १९ वर्षांची मुलगी. हे चांगलं आहे, फार चांगलं आहे.

ते अकाउंट बंद कर असं मी म्हणणार नाही आधी. आधी तिला सांग. नुसतं गुपचूप बंद केलंस तर तुझं मन हलकं होईल, पण कधीतरी तिला कळेलच, आणि तेव्हा कळणं फार वाईट. आणि फोनवर सांगू नकोस या आठवड्यात, तिच्या डोक्यावर शुक्रवार आहे, तो जाऊ दे. पण थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंतही ताणू नकोस. शनिवारी व्हिडिओ कॉल कर, एकटीच बस, बाबा नकोत, आणि पहिल्याच वाक्यात सांग, की अमुक नावाचं अकाउंट आहे ना तुला फॉलो करणारं, ते माझं आहे. कारणं नंतर. काळजी वाटायची म्हणून केलं हे खरं असलं तरी ते पहिलं वाक्य करू नकोस, तिला ते तिच्या कोचच्या फॉर्मसारखंच ऐकू येईल. ती चिडेल. फोन ठेवून देईल कदाचित, आठवडाभर बोलणार नाही. तेवढा आठवडा तिला दे, दर दोन तासांनी मेसेज करू नकोस. खांद्याचं तिने काढलं तर बोल, नाही काढलं तर तूही त्या दिवशी काढू नकोस.

आणि मग ते अकाउंट तिलाच काढू दे. तुझ्याकडून ब्लॉक करण्यापेक्षा तिने तिच्या फोनवरून रिमूव्ह केलेलं बरं.

कोणत्या तोंडाने सल्ला देऊ असं विचारलंस. शुक्रवारपर्यंत सल्ला देऊच नकोस, हे वरचं कायद्याचं आणि ईमेलचं तेवढं तिला पाठव, कोणीतरी लिहिलंय म्हणून. ईमेलचा ड्राफ्ट तिने दाखवला तर वाच, व्याकरण सोडून काही बदलू नकोस. आणि तिची हरकत नसेल तर फॉर्मचं दुसरं पान मला पाठव, नाव झाकून. ते अॅप कशाकशाची परवानगी मागतंय ती यादी मला बघायचीय, बुधवारी रात्रीपर्यंत आली तर ईमेलमध्ये अजून काय विचारायचं ते सांगते.